हजेरी माफ झालीच नाही : चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि आपली वस्ती

"यंत्राला जात नसते" हे वाक्य हल्ली आपल्याच शिकलेल्या पोरांच्या तोंडी फार ऐकू येते. इंजिनिअरिंग केलेला, हिंजवडीत नोकरी करणारा, जयंतीला रजा टाकून गावी येणारा आपला भाऊ हे बोलतो तेव्हा त्याच्या मनात खोट नसते. पोलीस पाटील जात बघतो, हवालदार जात बघतो, साहेब आधी आडनाव विचारतो. कॅमेरा मात्र फक्त चेहरा बघतो, मग माणसापेक्षा यंत्र बरे, असा त्याचा साधा हिशोब असतो. इकडे मलकापुरात काय किंवा पलीकडे कराडात काय, घरफोडी झाली, कॉलेजच्या रस्त्यावर कोणी मुलीची छेड काढली, हायवेवर माणूस उडवून गाडी पळाली, की पहिली मागणी "कॅमेरे बसवा" हीच येते. ती करण्यात आपले कार्यकर्तेही पुढे असतात. निवेदनावर सह्या आपल्याच.

माझे म्हणणे आहे की हा हिशोब चुकलेला आहे. आणि तो चुकला हे सांगायला अमेरिकेतले पुस्तक उघडायची गरज नाही. सातारा-सांगलीच्या मातीत त्याचे उत्तर पडलेले आहे.

आधी यंत्र करते काय ते बघू. साधा सीसीटीव्ही चित्र साठवतो. चेहरा ओळखणारी प्रणाली त्या चित्रातल्या चेहऱ्याची ठेवण आकड्यांत बदलते आणि ते आकडे आधी साठवलेल्या चेहऱ्यांच्या आकड्यांशी ताडून बघते. तुमचा मोबाईल तुमच्या चेहऱ्याने उघडतो तेव्हा तुलना एकाची एकाशी असते. तुम्ही स्वतः फोन समोर धरलेला असतो. पोलिसांचे काम वेगळे. तिथे रस्त्यावरून चाललेला एक चेहरा हजारो, लाखो चेहऱ्यांच्या यादीशी ताडला जातो आणि चालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. यादी नसेल तर हे यंत्र आंधळे आहे. त्यामुळे यंत्राला जात असते की नसते हा वादच फिजूल. यादी कोणी केली, तिच्यात कोणाला घातले, आणि नाव काढायचे तर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे विचारा. या देशात याद्यांचा सगळ्यात जुना अनुभव आपल्या लोकांच्या गाठीला आहे.

बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय कोठे उघडले असे विचारले तर बहुतेक जण लंडन सांगतील. ते उघडले कोलकात्यात, १८९७ साली. स्कॉटलंड यार्डला तसे कार्यालय मिळाले त्यानंतर चार वर्षांनी. त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, विल्यम हर्षेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने बंगालमध्ये राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. का, तर नेटिव्ह माणूस उद्या सही नाकारेल. अविश्वास हा या शास्त्राचा पाया आहे. ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावाने जगभर गेली. तिच्यामागचे डोकेफोडीचे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन एतद्देशीय कर्मचाऱ्यांचे होते. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हेही आपल्याला नवीन नाही.

आता हे शास्त्र वापरले कोणावर? १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला. त्या कायद्यात नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला होता. त्या माणसाने गुन्हा केलेला असण्याची अट नव्हती. तो ज्या आईच्या पोटी जन्मला तेवढा पुरावा पुरे होता. मग हजेरी. ठरलेल्या वेळी पाटलापुढे किंवा चौकीत जाऊन उभे राहायचे, गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची, चुकलात तर तुरुंग. सातारा जिल्ह्यातल्या मांग-रामोशांनी ही हजेरी भोगली. कैकाडी, पारधी, भामटा अशा कितीतरी जमातींना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत ठेवले. आणि यातला कडू विनोद असा की गावाची राखण शतकानुशतके केली होती कोणी? रामोशाने आणि महाराने. ज्याच्या हातात गावाची सुरक्षा दिली, त्याच्याच हाताचे ठसे गुन्हेगार म्हणून घेतले.

मलकापूरहून हायवेने दक्षिणेला निघालात तर तासाभराच्या आत वाळवा तालुक्यातले वाटेगाव येते. अण्णाभाऊ साठे तिथले, जन्म १९२० चा. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. आपण ती शौर्यगाथा म्हणून वाचतो, १ ऑगस्टला तिच्यावर भाषणे ठोकतो. पण त्या शौर्याच्या मुळाशी मांगवाड्यावरच्या हजेरीचा जाच आहे, हे भाषणात क्वचितच येते. चेहरा ओळखणारा कॅमेरा समजून घ्यायचा असेल तर मी पोरांना सांगेन, यूट्यूब नंतर बघा, आधी 'फकिरा' पुन्हा वाचा.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. विमुक्त दिन आपण पाळतो. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुनी वही नव्या पुठ्ठ्यात बांधली गेली. जमातीचे नाव पुसले, संशय तसाच राहिला. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालावर जाते हे सांगायला कोणत्याही अहवालाची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार भगिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले! देशाच्या तुरुंगांत साधारण दर तीन कैद्यांपैकी दोन अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी समाजांतले आहेत. हेच तुरुंग, हीच अटकपत्रे, हेच जुने रेकॉर्ड आता यंत्राच्या पोटात जाणार आहे. यंत्राला जात नसेल हो, पण त्याला भरवलेल्या घासाला आहे.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नाही, चार पावले पुढेच आहे. बोटांचे ठसे, तळवे, बुबुळे आणि चेहरा एकत्र साठवणारी 'ॲम्बिस' ही प्रणाली राज्य पोलिसांकडे काही वर्षांपासून आहे. २०२४ मध्ये पोलिसांच्या कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणायला 'मार्वल' नावाची सरकारी कंपनी नागपुरात उभी राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने 'महाक्राइमओएस' राज्यातल्या सर्व १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. मंत्रालयात २०२५ पासून चेहरा दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही. गायरान जमिनीच्या प्रकरणाची फाईल काखेत मारून खेड्यातून आलेली म्हातारी बाई आधी कॅमेऱ्यापुढे उभी राहणार, मग शासन तिचे ऐकणार. मायबाप सरकार तिचा चेहरा ओळखते. तिचे प्रकरण मात्र गेली कित्येक वर्षे त्याला ओळखू येत नाही.

या सगळ्याला कायद्याचा आधार काय? रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा त्याच्या नकळत ताडून बघण्यासाठी संसदेने किंवा विधिमंडळाने वेगळा कायदा केलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि त्यात सरकारला हात घालायचा असेल तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. इथे पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला खरा, पण सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्यातून सूट देण्याची खिडकी केंद्राने स्वतःसाठी ठेवून दिली आहे. म्हणजे किराणा दुकानदाराने तुमचा मोबाईल नंबर कसा ठेवावा याला नियम, आणि सरकारने तुमचा चेहरा कसा ठेवावा याला खिडकी.

आणि वस्तू एका कामासाठी आणून दुसऱ्या कामाला लावणे हा तर हातखंडा. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखण्याची प्रणाली २०१८ मध्ये घेतली ती हरवलेल्या मुलांना शोधण्यासाठी, उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने. कोण विरोध करणार? हरवलेले लेकरू सापडावे असे कोणाला वाटत नाही? त्याच वर्षी पोलिसांनी न्यायालयाला सांगितले की तिची अचूकता २ टक्के आहे. पुढच्या वर्षी महिला व बालविकास मंत्रालयाने सांगितले की ती १ टक्क्याच्याही खाली आहे आणि यंत्राला मुलगा-मुलगीसुद्धा नीट ओळखता येत नाही. पण डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलने पेटली तेव्हा हीच प्रणाली आंदोलकांच्या चित्रीकरणावर आणि रामलीला मैदानावरच्या सभेच्या गर्दीवर वापरल्याची बातमी आली. मार्च २०२० मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की दिल्लीच्या दंगलीतले ११०० हून अधिक लोक या तंत्राने ओळखले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांची माहिती वापरली. मतदार ओळखपत्र! बाबासाहेबांनी साउथबरो समितीपासून झगडून जो मताचा हक्क मिळवला, त्या हक्काच्या कार्डावरचा फोटो आता संशयितांच्या रांगेत.

काही जण म्हणतात, तंत्रज्ञान नवीन आहे, सुधारेल. अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या दोन काळ्या संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढेच ओळखायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याच्या आत, आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक जवळजवळ ३५ टक्के. त्यानंतर यंत्रे सुधारली, हे खरे आहे. तरीही हिशोब करून बघा. समजा, यंत्र हजारात एकदाच चुकते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाच लाख माणसे आली असे धरू. पाचशे निरपराध माणसांच्या नावापुढे लाल खूण लागेल. तो पाचशेतला एक कोण असेल? ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे, आमदाराचा नंबर आहे तो सुटेल. बाकीच्यांचे काय होते ते तेलंगणातल्या मेदकने दाखवले. साखळीचोरीच्या तपासात सीसीटीव्हीतल्या माणसासारखा दिसतो म्हणून खदीर खान या मजुराला पोलिसांनी उचलले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मेला. मरण्याआधी त्याने कोठडीतल्या मारहाणीबद्दल सांगितले होते. तिथे चेहरा ताडला तो माणसानेच, यंत्राने नाही. पण यंत्राने "ऐंशी टक्के जुळतो" असे छापून दिले की तेवढीच शंका पुराव्याच्या थाटात फिरू लागते. दिल्ली पोलीस ८० टक्क्यांच्या वर साम्य आले की जुळले असे धरतात, हे माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेलेच आहे.

मात्र अचूकतेच्या वादात मला फार अडकायचे नाही, आणि आपल्या पोरांनीही अडकू नये. कारण उद्या यंत्र खरोखर शंभर टक्के अचूक झाले तर? मोर्चात कोण होते, घोषणा कोणी दिल्या, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला कोण कोण जाऊन आले, याची बिनचूक यादी तयार होईल. आपल्यासाठी ते चांगले की वाईट? अचूक हजेरी हीसुद्धा हजेरीच. पाटील नाव चुकवत नव्हता म्हणून हजेरी न्याय्य ठरत नव्हती.

मोजमापाला आपला विरोध आहे असे कोणी समजू नये. रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जातीजातींची नाके मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून वंशाची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये असलीच मोजमापे हातात घेतली, तक्ते मांडले आणि त्यातूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धान्त टिकत नाही. मोजणाऱ्याच्या पट्टीने मोजणाऱ्यालाच मोजले. आज ते करायचे असेल तर पोलिसांच्या यंत्राचे आकडे आपल्या हातात आले पाहिजेत. यादीत किती लोक, कोणत्या जातींचे, किती वेळा चुकीचे जुळले, किती अटका झाल्या, किती सुटले. हे आकडे मागितले की मात्र सुरक्षेचे कारण पुढे येते. आमचा चेहरा उघडा आणि तुमची वही बंद, हा कसला व्यवहार?

"पण दादा, अत्याचाराच्या केसमध्ये फुटेज लागते," असे एक कार्यकर्ती मला म्हणाली, आणि तिचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. आपल्या मुलीबाळींच्या बाबतीत, मिरवणुकीवरच्या दगडफेकीच्या बाबतीत, फुटेजने खटले उभे राहिले आहेत. घटना घडल्यावर त्या जागेचे, त्या वेळेचे चित्रीकरण तपासणे आणि घटना घडायच्या आत प्रत्येकाचा चेहरा यादीशी ताडत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला मी विरोध करत नाही. उलट विचारतो, की कायद्याने आपल्या बाजूने जे कॅमेरे द्यायला सांगितले ते कुठे आहेत? ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ (१०) सांगते की या कायद्याखालच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रीकरण झाले पाहिजे. आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या किती केसेसमध्ये ते मागितले गेले, किती वकिलांना हे कलम ठाऊक आहे, विचारून बघा. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसकट, आवाज टिपणारे आणि रात्री दिसणारे कॅमेरे हवेत, रेकॉर्डिंग अठरा महिने जपायचे आणि तेवढी साठवण शक्यच नसेल तरी एका वर्षाच्या खाली जायचे नाही. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून त्याच न्यायालयाला स्वतःहून पुन्हा विचारावे लागले की ते कॅमेरे चालू का नाहीत.

सांगलीला तर हे कोणी सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे या तरुणाचा सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत मृत्यू झाला. तो पळून गेला असे पोलिसांनी सांगितले आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला. परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर वस्त्यांत धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. विधानसभेत मात्र फुटेजचाच दाखला देऊन मारहाण झाली नाही असे सांगण्यात आले. गुन्हा दाखल व्हायला औरंगाबाद खंडपीठाचा जुलै २०२५ चा आदेश लागला, आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही आदेश कायम राहिला. आता सांगा, कॅमेरा कोणाच्या हातात आहे याने फरक पडतो की नाही? कोणते फुटेज बाहेर येते आणि कोणते हरवते हे यंत्र ठरवत नाही.

रेशनच्या अंगठ्याबद्दल थोडक्यात. ऊस तोडून, विटा उचलून, गटारे साफ करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना मशीन ओळखत नाही, आणि जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरी न्यायचा आहारसुद्धा आईचा चेहरा जुळल्याशिवाय मिळत नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. साफसफाईचे काम कोणत्या जातींकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ही घड्याळे कोणाच्या मनगटावर आली हे वेगळे सांगत नाही. साहेबांच्या मनगटावर ती बांधल्याचे ऐकिवात नाही. यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचे, कारण त्याचा संबंध या लेखाच्या प्रत्येक वाचकाशी येऊ शकतो. २०२२ मध्ये केंद्राने फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आणला. १९२० चा कैदी ओळख कायदा त्याने बाजूला सारला आणि ४ ऑगस्ट २०२२ पासून तो लागू आहे. बोटांचे आणि तळव्यांचे ठसे, फोटो, बुबुळ, सही, हस्ताक्षर, काही गुन्ह्यांत रक्तासारखे नमुने, हे सगळे त्याखाली 'मापे' म्हणून घेता येते आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे ठेवता येते. २० वर्षांच्या पोराचे माप तो ९५ वर्षांचा होईपर्यंत!

आणि हे माप कोणाचे? शिक्षा झालेल्याचे, अटक झालेल्याचे, आणि ज्याला चांगल्या वर्तनाची किंवा शांतता राखण्याची हमी देण्याचा आदेश झाला आहे त्याचेही. म्हणजेच आपली चॅप्टर केस. जयंती आली, मोर्चा निघणार, की पन्नास पोरांना १०७, ११० च्या (नव्या संहितेत १२६, १२९) नोटिसा निघतात. पोरे ते हसण्यावारी नेतात. "बाँड लिहून दिला, सुटलो" म्हणतात. त्यांना माहीत नसते की या कायद्याच्या २०२२ च्या नियमांनी इथे एक रेषा आखली आहे. नुसती नोटीस आली किंवा कार्यवाही सुरू झाली म्हणून मापे घेता येत नाहीत. दंडाधिकाऱ्याने हमी देण्याचा आदेश, म्हणजे जुने ११७ आणि नवे १३६, काढला तरच घेता येतात. तसेच मोर्चाच्या आदल्या रात्री १५१ खाली (आता १७०) नुसती प्रतिबंधक अटक केली असेल, दुसरा कोणताही गुन्हा लावलेला नसेल, तर मापे घेऊ नयेत असे तेच नियम सांगतात. जमावबंदीच्या आदेशाबाबतही तसेच. म्हणून पोलीस सोबत बेकायदा जमावाचे कलम जोडतात का, महाराष्ट्र पोलीस कायद्याचे १३५ लावतात का, यावर डोळा ठेवा, कारण दुसरा गुन्हा जोडला की ती रेषा पुसली जाते. आणि चॅप्टर केसमध्ये नोटिशीच्या टप्प्यावरच वकील उभा करा. प्रांताच्या किंवा तहसीलदाराच्या टेबलावर मुकाट सही करून येणे म्हणजे ७५ वर्षांच्या यादीच्या दारात पाय ठेवणे आहे.

जे निर्दोष सुटले आहेत, ज्यांच्यावर खटलाच चालला नाही, किंवा जे दोषमुक्त झाले आहेत त्यांनी एक अर्ज करायचा आहे. पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर अशांची मापे नष्ट करावीत असे कायद्याचे कलम ४ म्हणते. खटला चालून निर्दोष सुटला असाल तर अपिलाचे मार्ग संपलेले हवेत, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिलेला नसावा. मागणी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे, निकालाची प्रत जोडून. ती आपोआप नष्ट होतील या भरवशावर राहू नका. ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यातले बरेच जण आज नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीच्या रांगेत आहेत. ठसे २०२२ च्या आधी, जुन्या कायद्याखाली घेतलेले असतील तर त्या कायद्यातही सुटलेल्याचे ठसे नष्ट करण्याची तरतूद होती. अर्ज त्याच्या आधाराने करा.

कृष्णा-कोयनेच्या काठावरच्या आपल्या गावांसाठी एक काम मी सुचवतो. मलकापूरच्या वर आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्या लेण्यांत दान देणाऱ्या माणसाने आपले नाव स्वतःहून कोरून ठेवले, ते दोन हजार वर्षे टिकले. तिथे दर वर्षी धम्म सहल नेणाऱ्या मंडळांनी या वर्षी सहलीसोबत माहितीच्या अधिकाराचे अर्जही न्यावेत आणि तिथेच बसून भरावेत. एक अर्ज नगरपरिषदेला : आपल्या हद्दीत सार्वजनिक पैशातून किती कॅमेरे बसले, कोणत्या वॉर्डात किती, त्यांचे चित्रीकरण कोण बघते, किती दिवस ठेवते, देखभालीचा ठेका कोणाला, आणि त्यांना चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर जोडले आहे किंवा जोडायचा ठराव झाला आहे का. दुसरा जिल्हा पोलीस अधीक्षकांना : जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे किती कॅमेरे हवेत, किती बसले, आज किती चालू आहेत, मागच्या वर्षाचे रेकॉर्डिंग उपलब्ध आहे का. तिसरा, त्यांनाच : मागच्या तीन वर्षांत १२६ आणि १२९ खाली किती जणांवर कार्यवाही झाली, किती जणांना हमीचा आदेश झाला, त्यातल्या किती जणांची मापे घेतली आणि किती जणांची नष्ट केली. नावे मागू नका, आकडे मागा, म्हणजे खासगी माहिती म्हणून नाकारता येणार नाही. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, आणि पहिल्या अपिलाचा मसुदा अर्जासोबतच तयार ठेवा, कारण उत्तर वेळेत येणार नाही.

जयभीम. जय संविधान.